पेरणी ते वेचणी : शिकणाऱ्या पोरांच्या डब्यासाठी आवाहन

जळगावकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आणि शहरातल्या कॉलेजांत धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावलकडची पोरं-पोरी शिकायला येतात. वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाहीतर तिघं-चौघं मिळून खोली करतात. कॉलेज सुरू होतं पावसाळ्यात, आणि घरचा पैसा नेमका तेव्हाच बियाण्या-खतात गेलेला असतो. कापूस घरात येतो दिवाळीच्या आसपास. तोवर खोलीचं डिपॉझिट आणि खानावळीचा ॲडव्हान्स आणायचा कुठून? आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. त्यांचा आधार मोठाच आहे. पण अर्ज, छाननी, यादी होऊन पैसे खात्यावर पडेपर्यंत ना घरमालक थांबतो, ना पोट.

आपल्याच गल्लीतल्या दोन मुली एका डब्यावर दिवस काढतात. सकाळी एकीनं पोळी-भाजी खायची, रात्री दुसरीनं वरण-भात. रविवारी संध्याकाळी खानावळीला सुट्टी, म्हणजे पाणी पिऊन झोपायचं. शेजारच्या काकूंनी जेवायला हाक मारली की उत्तर ठरलेलं, ‘आज उपास आहे काकू.’ एवढे उपास हौसेनं कोणी करत नाही. लेकरं मागणार नाहीत. विचारायला आपणच गेलं पाहिजे.

म्हणून आपल्या वॉर्डातल्या महिला मंडळानं ठरवलंय, जुलै ते दिवाळी गरजू मुलांचा डबा आपण भरायचा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी कोठीत भरलेल्या दादर ज्वारीतून, गव्हातून दोन पायल्या काढा. तूरडाळ, तेल चालेल. ज्यांना जमेल त्यांनी रविवारी संध्याकाळी दोघांचा स्वयंपाक जास्तीचा करावा. कळण्याची भाकरी आणि ठेचा असला तरी पोरं खूश होतील. आणि कोणाची वरची खोली रिकामी असेल, तर डिपॉझिट न घेता द्या, भाडं दिवाळीनंतर घ्या. आम्हाला सगळ्यात जास्त अडचण खोल्यांचीच येते.

मदत घेणाऱ्याचं नाव फलकावर लागणार नाही, फोटो निघणार नाही. जमा-खर्च मात्र दर महिन्याला मंदिराच्या फलकावर लावू. रोख रकमेची पावती आवर्जून मागून घ्या.

धान्य व देणगी दर शनिवारी सायंकाळी ६ ते ८ विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात स्वीकारली जाईल. ज्येष्ठांनी पोतं उचलून आणू नये, निरोप द्यावा. मुलं घरी येऊन घेऊन जातील.

आपले नम्र,
वॉर्डातील महिला मंडळ व ज्येष्ठ नागरिक