'गीतरामायण' फिल्मी कधी झालं?

संपादक महोदय,

आमच्या वाचनालयाला एका रसिक कुटुंबाने दोन खोकी भरून तबकड्या, कॅसेटी आणि थोड्या सीडी भेट दिल्या. यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. निवृत्त माणूस, त्यात गाण्याचं वेड, म्हणजे आयताच सापडलो! काम पटापट उरकावं म्हणून एका ॲपवर बघून नोंदी करायला बसलो आणि पहिल्याच संध्याकाळी अडलो. 'गीतरामायण'पुढे प्रकार लिहिला होता, 'मराठी फिल्म'.

गदिमा आणि बाबूजींची ही छप्पन्न गीतं १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी लोकांपुढे आली. त्यात पडदा आला कुठून? आमच्या ग्रंथपाल बाईंनी ग्रंथालयात विषयवार क्रमांक देण्यासाठी वापरतात ते ड्यूईचं वर्गीकरण उघडून दाखवलं. त्यात चित्रपटसंगीताला ७८१.५४२ आणि रेडिओसंगीताला ७८१.५४४ असे वेगळे क्रमांक आहेत.

पण क्रमांक देऊनही सगळं सुटत नाही. 'घनश्याम सुंदरा'च घ्या. 'अमर भूपाळी' (१९५१) या चित्रपटातलं गाणं, संगीत वसंत देसाईंचं, शब्द मात्र शाहीर होनाजी बाळांचे, म्हणजे चित्रपटाच्या शंभरएक वर्षं आधीचे. चित्रपटगीत म्हटलं तरी खरं, भूपाळी म्हटलं तरी खरं. शेवटी मी वहीत दोन रकाने आखले, 'कशासाठी केलं' आणि 'काय आहे'. निम्मी भांडणं तिथेच मिटली.

मग 'कट्यार काळजात घुसली'ची सीडी हाती आली. 'घेई छंद मकरंद' हे अभिषेकीबुवांचं, १९६७च्या नाटकातलं. 'सूर निरागस हो' हे शंकर-एहसान-लॉय यांचं, २०१५च्या चित्रपटासाठी नव्याने केलेलं. ॲपवर दोन्ही एकाच ढिगात. मी पहिल्यापुढे लिहिलं, 'नाट्यपद, चित्रपटात पुन्हा गायलेलं'. रकान्यात मावलं नाही, समासात गेलं.

पार्श्वसंगीताची तर गतच नको. राष्ट्रीय पुरस्कारांत २००९च्या चित्रपटांपासून गाण्यांना आणि पार्श्वसंगीताला वेगवेगळं पारितोषिक मिळू लागलं, पण माझ्या दोन्ही खोक्यांत निव्वळ पार्श्वसंगीताची एकही तबकडी नाही.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाण्यांवर हौसेने लिहिलं जातं, पण गाण्याखाली गायक आणि चित्रपट एवढंच छापून येतं. गीतकार, संगीतकार आणि गाणं मुळात नाटकाचं, रेडिओचं की पडद्याचं, एवढी एक ओळ वाढवता येईल का? दुसरं खोकं अजून उघडायचं आहे.

– एक वाचक, सातारा