जनमत चाचण्यांना सरसकट झोडपू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या अध्यक्षांच्या प्रकृतीवरून तिथल्या दोन पक्षांत जी धुळवड चालली आहे, तिच्यावरचा आपला अग्रलेख वाचला. ‘आपला तो बाब्या’ हा न्याय दोन्हीकडे कसा चालतो, ते आपण छान दाखवले आहे. मात्र शेवटी जनमत चाचण्या तर काय, चुकतातच, अशा अर्थाचा शेरा मारून आपण मोकळे झालात. तिथे मला गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

माझी सारी नोकरी नमुना पाहणीत गेली. विदर्भातली गावे, शहरांतले मोहल्ले, अपार्टमेंटी अशा सगळीकडे हातात प्रश्नांचे शेड्यूल घेऊन हिंडलो. झोपडपट्टीत चहा पाजल्याशिवाय सोडत नसत आणि महागड्या सोसायटीत वॉचमनच गेटवरून परत पाठवत असे. मग साहेब म्हणायचे, शेजारचे घर घ्या. पण ज्या घराने दार उघडले नाही ते घर आणि ज्याने उघडले ते, ही दोन घरे सारखी नसतात. पाहणी फसते ती बहुधा इथे, गणितात नव्हे.

अमेरिकेत हेच घडले आहे. प्यू या संस्थेच्या फोनवरच्या पाहण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत, २०१८ पर्यंत ते प्रमाण ६ टक्क्यांवर आले. शंभरातले चौऱ्याण्णव फोन उचलत नसतील किंवा आपटत असतील, तर उरलेल्या सहांवर भारंभार आकडेमोड करावी लागते. २०१६ साली अनेक राज्यांतल्या चाचण्यांनी कमी शिकलेल्या मतदारांचा वाटा नीट धरला नाही, आणि विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनियात त्या तोंडावर आपटल्या. देशपातळीवर मात्र त्या वर्षीचा अंदाज फार वाईट नव्हता. हिलरी क्लिंटन यांना मते खरोखरच दोन टक्के जास्त पडली होती, हे सगळे विसरतात. २०२० मध्ये बायडेन जिंकणार हे बरोबर आले, पण आठ टक्क्यांची म्हणून सांगितलेली आघाडी साडेचार टक्क्यांवर आली. २०२४ च्या मतदानाच्या तोंडावर आयोवातल्या अत्यंत नावाजलेल्या चाचणीकर्त्या अ‍ॅन सेल्झर यांनी कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे असल्याचे सांगितले आणि ट्रम्प ते राज्य तेरा टक्क्यांनी जिंकले. ट्रम्प यांनी त्यावर सेल्झरबाईंना आणि त्यांची चाचणी छापणाऱ्या वृत्तपत्राला कोर्टात खेचले. चुकीच्या अंदाजाबद्दल खटले भरायचे म्हटले तर १ जून २०२४ च्या संध्याकाळी रालोआला साडेतीनशेच्या वर जागा देणाऱ्या आपल्या वाहिन्यांची काय गत होईल! प्रत्यक्षात जागा आल्या २९३.

इतके सगळे मान्य करूनही माझे म्हणणे वेगळे आहे. हजार लोकांच्या पाहणीत तीन टक्के इकडे-तिकडे होणार, हे छापलेले असते. पण हे तीन टक्के प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याचे असतात. दोघांमधल्या अंतरात चूक जवळपास सहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, हे सहसा कोणी छापत नाही. त्यामुळे ४८ विरुद्ध ४६ अशा आकड्यावरून कोण जिंकेल हे सांगणे म्हणजे नाणे उडवणेच. परंतु त्याच पाहणीत शंभरातले पंच्याहत्तर लोक एक गोष्ट सांगत असतील, तर पाच-सहा टक्क्यांची चूक धरूनही ते सत्तरच्या आसपासच राहतात. चुरशीच्या लढतीचा अंदाज आणि असा ढळढळीत कौल यांना एकाच मापाने मोजून आपण दोन्ही कचऱ्यात टाकलेत. आणि नेमके हेच तिथल्या पुढाऱ्यांना हवे असते.

बायडेन यांचेच प्रकरण पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये एबीसी वाहिनी आणि इप्सॉस या संस्थेच्या चाचणीत ८६ टक्के अमेरिकनांनी सांगितले की दुसऱ्या कारकिर्दीसाठी बायडेन फार म्हातारे आहेत. डेमोक्रॅट मतदारांतही जवळपास तीन चतुर्थांश लोकांचे हेच मत होते. (ट्रम्प यांच्याबद्दलही निम्म्याहून पुष्कळ जास्त लोक तेच म्हणाले, पण रिपब्लिकन मतदारांत तसे म्हणणारे जेमतेम एक तृतीयांश.) त्याच सुमारास बायडेन यांच्याकडच्या गोपनीय कागदपत्रांची चौकशी करणारे विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या अहवालात बायडेन यांच्या कमकुवत स्मरणशक्तीचा उल्लेख आला, तर डेमोक्रॅट नेते हर यांच्यावरच तुटून पडले. डीन फिलिप्स नावाचा त्यांच्याच पक्षाचा खासदार वयाचा मुद्दा घेऊन उभा राहिला, त्याला कोणी विचारले नाही. चाचण्यांवर विसंबू नका, २०२२ च्या मध्यावधी निवडणुकीतही त्यांनी आमचा पराभव भाकला होता, हे पालुपद चालूच होते. जून महिन्यात बायडेन यांच्या अडखळण्याच्या चित्रफिती फिरू लागल्या तेव्हा व्हाइट हाउसने त्यांना बनावट काटछाट ठरवले. मग २७ जूनला अटलांटात ट्रम्प यांच्याशी वादसभा झाली आणि झाकलेली मूठ उघडी पडली. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. जे मतदारांनी पाच महिने आधी सांगून टाकले होते, ते पक्षाला तेव्हा दिसले.

त्या रात्रीचे एक वाक्य मला विसरता येत नाही. कर्ज, आरोग्यसेवा असे काहीबाही बोलता बोलता बायडेन यांची गाडी घसरली आणि ते म्हणाले, अखेर आपण मेडिकेअरला (म्हणजे पासष्टीपुढच्या माणसांच्या विमा योजनेला) हरवले. ट्रम्प यांनी लगेच टोला हाणला की हो, त्यांनी तिला मरेस्तोवर मारले. दुसऱ्या दिवशी जगभर बायडेन यांच्या बोबडीची चर्चा झाली. मेडिकेअरचे काय, ती योजना कोण कशी चालवणार, हे कुणी विचारले नाही.

आणि खरा कौल तर इथेच आहे. वृद्धांच्या आणि गरिबांच्या या योजनांना हात लावू नका, असे दोन्ही पक्षांचे बहुसंख्य मतदार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. यावर चाचणी खोटी असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण इथे प्रत्यक्ष मतदान झालेले आहे. गरिबांच्या मेडिकेड योजनेची व्याप्ती वाढवावी का, असा प्रश्न थेट मतपत्रिकेवर आला तेव्हा २०१८ मध्ये आयडाहो, युटा आणि नेब्रास्का, २०२० मध्ये ओक्लाहोमा आणि मिसुरी, २०२२ मध्ये साउथ डकोटा, अशा रिपब्लिकन पक्षाच्या बालेकिल्ल्यांनी होकार दिला. ओक्लाहोमात हा होकार अगदी काठावरचा होता, हेही सांगितले पाहिजे.

तरी ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने दहा वर्षांत मेडिकेडवरचा केंद्राचा सुमारे ९०० अब्ज डॉलरचा खर्च छाटला. काँग्रेसच्याच (म्हणजे तिथल्या संसदेच्या) अर्थसंकल्प कार्यालयाच्या हिशेबाने २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसे जास्त विमाहीन होतील. सिनेटमध्ये पन्नास-पन्नास अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मतावर विधेयक तरले. मिसुरीचे सिनेटर जॉश हॉली यांनी आधी वृत्तपत्रात लेख लिहून अशी कपात अनैतिक आणि राजकीय आत्महत्या असल्याचे बजावले होते. मतदानाच्या दिवशी त्यांचे मत कपातीच्या बाजूने पडले! धडधाकट प्रौढ असाल तर महिन्याला ८० तास काम वगैरे केल्याचा पुरावा दाखवा, तरच मेडिकेड, ही अट सर्वत्र सक्तीची व्हायची आहे १ जानेवारी २०२७ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२६ च्या काँग्रेस निवडणुका आटोपल्यावर. कौल कळतो म्हणूनच तारीख अशी काढली जाते.

डेमोक्रॅटही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ओबामा यांच्या विमा कायद्याखालचे वाढीव अनुदान २०२५ अखेर संपेल, ही मुदत त्यांनीच २०२२ मध्ये घातली होती. ती संपत आली तेव्हा त्याच प्रश्नावरून सरकार ४३ दिवस बंद पडले आणि नोव्हेंबरात चार कोटींहून अधिक लोकांचे अन्नसाहाय्य अडकले. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेच्या, निधीबद्दल तर दोघेही मिठाची गुळणी धरून आहेत. विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे वृद्धांच्या पेन्शनचा निधी २०३३ मध्ये आटेल आणि पुढे ठरलेल्या रकमेच्या ७७ टक्केच देता येतील. या योजनेसाठी पगारातून कापला जाणारा कर ठरावीक पगाराच्या वर लागतच नाही (२०२५ मध्ये ती मर्यादा होती १,७६,१०० डॉलर), ती उठवायची की नाही याचा निर्णय काही होत नाही. त्याऐवजी मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी काँग्रेससमोर दीडशे वर्षांच्या पेन्शनरांचे आकडे वाचून दाखवले. माझ्यासारख्याला ते ऐकून हसू आले. मृत्यूच्या तारखेचा रकाना कोरा राहिलेली नोंद आणि पैसे घेणारा माणूस यांत केवढा फरक आहे, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. त्या जुन्या नोंदींपैकी जवळजवळ कुणालाच पैसे जात नव्हते.

राहिला प्रकृतीचा प्रश्न. तो पक्षीय हाणामारीवर सोडू नये, हे आपले म्हणणे पटते, पण त्यांच्या घटनेतली तरतूदच लंगडी आहे. १९६७ च्या पंचविसाव्या दुरुस्तीच्या चौथ्या कलमानुसार अध्यक्ष असमर्थ आहे, असे उपाध्यक्षाने आणि निम्म्याहून अधिक मंत्र्यांनी लिहून द्यायचे. मंत्री नेमतो कोण? अध्यक्ष. त्याने हरकत घेतली तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते हवीत. ते कलम आजवर एकदाही वापरलेले नाही. अध्यक्षाचा डॉक्टरही त्याच्याच हाताखालचा. १९१९ मध्ये वुड्रो विल्सन यांना अर्धांगवायू झाला तेव्हा पत्नी आणि डॉक्टर यांनी तो लोकांपासून दडवला आणि विल्सन मार्च १९२१ पर्यंत पदावर राहिले. बायडेन यांच्या डॉक्टरांनी जुलै २०२५ मध्ये चौकशी समितीपुढे तोंड उघडायला नकार दिला. ट्रम्प यांच्या पायावरची सूज शिरांच्या विकाराची असल्याचे त्याच महिन्यात, छायाचित्रे फिरल्यावर, सांगण्यात आले. त्यांनी मिरवलेली तीसपैकी तीस गुणांची परीक्षा तर घड्याळ काढा, प्राणी ओळखा अशा दहा मिनिटांच्या प्रश्नांची असते. स्मृतिभ्रंशाची शंका चाळण्यापुरता तिचा उपयोग, बुद्धी मोजायला नव्हे.

हे सगळे दूरचे आहे, असे वाचकांनी समजू नये. माझा भाचा न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर आहे. त्याच्या पगारपत्रकात सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के दर महिन्याला कापलेले दिसतात. तेवढेच कंपनी घालते. पेन्शनचा हक्क साधारण दहा वर्षांच्या कामानंतर लागतो. त्याआधी परतावे लागले तर ते पैसे तिथेच राहतात. जर्मनी, फ्रान्स, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्याशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार (परदेशात काम करणाऱ्यांचे पेन्शनचे हक्क बुडू नयेत म्हणून केलेला) आहे, अमेरिकेशी नाही. पुण्या-नाशिकची किती तरी घरे या एका वाक्याशी बांधलेली आहेत. ग्रीन कार्डच्या रांगेत ताटकळलेली मुले तिथल्या म्हाताऱ्यांची पेन्शन भरताहेत आणि त्यांना ना मत, ना हमी.

म्हणून दोन विनंत्या. या करारावर आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीकडून एक सविस्तर वृत्तलेख द्यावा, बोलणी कुठे अडली आहेत ते तरी कळेल. आणि यापुढे कोणत्याही जनमत चाचणीची बातमी छापताना किती जणांना विचारले, कसे विचारले आणि प्रश्न नेमका काय होता, हे तिच्याखाली दोन ओळींत द्यावे. अमेरिकेची असो की आपल्या नगरपालिकेची.

कळावे,
आपला,
नमुना पाहणीतला एक निवृत्त कर्मचारी, अमरावती