तपास ‘निष्काळजीपणा’पाशी थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वायुगळतीच्या बातमीत ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द ठरलेले असतात आणि पुष्कळदा तपासही तिथेच संपतो. चूक कामगाराची असेलही. पण तपासाची पद्धत कोणती वापरली, हे कुणी विचारत नाही.

आपल्या सांगली-तासगाव भागाला बेदाण्याची शीतगृहे परिचित आहेत, म्हणून अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहाचेच उदाहरण घेतो. कॉम्प्रेसरमधून वाहत आलेले तेल यंत्रणेत तळाशी साचते व ते अधूनमधून व्हॉल्व्ह उघडून काढावे लागते. तेल सावकाश येते, ऑपरेटर तेवढ्यात दुसऱ्या कामाकडे वळतो, तेल संपते आणि त्यामागोमाग दाबाखालचा अमोनिया उसळून बाहेर पडतो. येथे ‘पाच वेळा का?’ ही पद्धत, म्हणजे प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘असे का?’ विचारत मूळ कारणापर्यंत जाण्याची रीत, लावली, तर ती बहुधा एकाच धाग्याने मागे जाऊन ‘प्रशिक्षण द्यावे’ या शिफारशीवर विसावते. अपघात घडायला लागलेल्या सर्व कारणांची झाडासारखी आकृती काढणाऱ्या फॉल्ट ट्री पद्धतीत मात्र व्हॉल्व्ह उघडा राहणे ‘आणि’ हात सुटताच आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह नसणे, या दोन्ही अटी शेजारी-शेजारी मांडाव्या लागतात. त्यांतली दुसरी अट व्यवस्थापनाच्या हातची असते, हे मग झाकता येत नाही.

आयसीआय या ब्रिटिश कंपनीत १९६०च्या दशकात विकसित झालेली हॅझॉप ही धोके शोधण्याची पद्धत तर अपघाताआधीच प्रश्न विचारते: या नळीतून अपेक्षेपेक्षा जास्त, कमी, उलट किंवा भलतेच काही वाहिले तर? माझ्या मते ती सर्वांत कसून तपासणारी आहे. मात्र तिला यंत्रणेचा अद्ययावत नकाशा लागतो, जो लहान कारखान्यांत अनेकदा नसतोच. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात १ जून १९७४ रोजी २८ जणांचा बळी घेणाऱ्या स्फोटाआधी जोडलेल्या तात्पुरत्या नळीचे रेखाटन तर कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने झाले होते.

तेव्हा कुपवाड-मिरजेच्या लहान उद्योगांनी निदान ‘असे झाले तर?’ ही साधी प्रश्नावली, प्रत्यक्ष व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला सोबत बसवून, प्रत्येक बदलाआधी भरावी. आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने अपघाताच्या चौकशीचा सारांश, वापरलेल्या पद्धतीसह, मराठीतून प्रसिद्ध करावा.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी, सांगली