बाबा, ते जिभेवर ठेवायचं मशीन मी घेत नाहीये

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

बाबांच्या कानात सतत वाजणाऱ्या शिट्टीचा विषय काढला की बाबा फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहून पाठवतेय. दादा वाचून दाखवेल. दादा, मधलं गाळू नकोस.

बाबा, तुम्ही व्हिडिओ पाठवला होतात ते मशीन मी मागवत नाहीये. त्याऐवजी ऐकू येण्यासाठी दोन्ही कानांत घालायच्या मशीनचे पैसे राजारामपुरीत भरून टाकलेत. सोमवारी तपासणी आहे. रागवा, पण आधी पुरतं ऐका.

पैशाचं कारण नाही. माझ्या फीसाठी तुम्ही उद्यमनगरात डबल शिफ्ट काढलीत, तिथं मी लाखाचा हिशेब मांडत बसेन का? आणि ते मशीन खोटं आहे असंही मी म्हणत नाही. डब्लिनच्या कंपनीचं आहे, लेनायर नावाचं. हेडफोनमधून सूर येतात आणि त्याच वेळी जिभेवर विजेच्या बारीक टिचक्या बसतात. २०२० साली ३२६ लोकांवरचा अभ्यास छापून आला, त्यातल्या बऱ्याच जणांचा त्रास कमी झाला, मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, परवानगीही दिली. फक्त त्या अभ्यासात सगळ्यांनाच चालू मशीन दिलं होतं. नुसतं दिखाऊ मशीन देऊन तुलना केलेला गटच नव्हता.

त्याला काय हुतंय, असं म्हणाल. खूप होतं. २०१९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या दवाखान्यांतल्या १५१ जणांचा अभ्यास आला. काहींना कानात मंद सळसळ सोडणारं यंत्र आणि समजावणं, काहींना तसंच दिसणारं पण थोड्या वेळानं मुकं होणारं यंत्र, काहींना नेहमीचे उपचार. दीड वर्षानं आराम तिन्ही गटांना पडला होता, आणि जवळजवळ सारखाच! जर्मनीत म्यून्स्टरला २०१० साली लोकांच्या आवडत्या संगीतातून त्यांच्या कानातल्या शिट्टीच्या पट्टीचा भाग कापून वर्षभर ऐकवलं, तेव्हा शिट्टी मंदावली होती. पुढं १०० जणांवर तीन महिने करून पाहिलं तर मुख्य मोजमापात फरक दिसला नाही. म्हणजे आराम मशीननंच पडला की आपसूक, हे तुलनेशिवाय कळत नाही. आता तशी तुलना नसलेल्या त्या जिभेच्या मशीनवर लाखांनी पैसे लावायचे, तर मला मामाचं ते पाण्याच्या मशीनचं प्रकरण आठवतं. असो. आई, तू हसू नकोस.

मग कानाची मशीनच का? त्यानं शिट्टी जाईलच असं मी कबूल करत नाही, तसा पक्का पुरावा त्याचाही नाही. पण तुमचं ऐकू येणं कमी झालंय हे तर खरं ना? सांगली आकाशवाणी नीट लागत नसली की तुम्ही व्हॉल्यूम वाढवायचा आणि गाण्याआधी खरखरच वाढायची, तसं काहीसं होतं म्हणतात. कानाकडून कमी येतं म्हणून मेंदू आपलं बटण पिळत राहतो. बाहेरचे आवाज परत आत आले तर ते बटण थोडं तरी सैल पडेल. आणि नाहीच पडलं, तरी नात फोनवर काय सांगते ते कळेल, गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर परत जाता येईल. तिथं ऐकू येत नाही म्हणून जाणं सोडलंत, हे मला दादानं सांगितलं. तुम्ही सांगितलं नाहीत.

संध्याकाळी तुम्ही फौंड्रीतून आलात की कानातले कापसाचे बोळे मी काढायची, आठवतंय? काळे झालेले असायचे. मला वाटायचं बाबांच्या कानात कोळसा तयार होतो. ओतीव माल घासायच्या, फेटलिंगच्या ग्राइंडरपुढं कापूस काय पुरणार होता! पण तेव्हा त्याहून जास्त कुणी दिलंही नाही.

आई, आता तुझं. रात्री पंखा बंद, टीव्ही बंद, घड्याळसुद्धा बाहेरच्या खोलीत, हे तू मायेनं करतेस. पण त्यांना गपगार खोली नकोच आहे. १९५३ साली चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत पाच मिनिटं बसवलं, तर ९४ टक्के लोकांना कानात काही ना काही ऐकू आलं. तेव्हा पंखा लाव, किंवा उशाशी रेडिओवर भजन लाव, पण बारीक. शिट्टी बुडून जाईल इतकं मोठं नाही. दोन्ही सोबत ऐकू येऊ देत. मन मग हळूहळू शिट्टीकडं दुर्लक्ष करायला शिकतं. थंडी वाजली तर त्यांना ती माझी जुनी गोधडी दे, नवी नको, ती बोचते.

आणि हे ठाम सांगतेय. कानात लसणाचं तेल घालायचं नाही, कितीही शेजाऱ्यांनी सांगू दे. जिंको नावाच्या त्या झाडपाल्याच्या गोळ्या बंद. हृदयाची गोळी मात्र मोबाइलवर काहीतरी वाचून थांबवायची नाही. ॲस्पिरिननं कान वाजतो तो बहुतेक जास्त डोसनं, तुमचा डोस छोटा आहे, डॉक्टरांना विचारा. विसर्जनाला महाद्वार रोडवर डॉल्बीसमोर उभं राहायचं नाही, गणपती घरच्या गॅलरीतूनही दिसतो. एकाच कानात आवाज आला किंवा ठोक्यासारखा धडधडला तर कानाच्या डॉक्टरला दाखवायचं. आणि एकाएकी ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी. सोमवारची वाट बघायची नाही.

सगळ्यांत बरा पुरावा आहे तो बोलून करायच्या उपचाराचा, सीबीटी म्हणतात. त्यानं आवाज कमी होत नाही, पण त्याचा जाच कमी होतो. "मला काय वेड लागलंय का," हे तुमचं उत्तर मला इथं बसून ऐकू येतंय, म्हणून आज आग्रह करत नाही. आधी मशीन बसू दे. पहिले काही दिवस ताटवाटीचा आवाजसुद्धा अंगावर येईल; कंटाळून कपाटात टाकू नका, थोडा थोडा वेळ वाढवत न्या.

तुमच्या मनासारखं केलं नाही याचं मला वाईट वाटतंय, बाबा. त्या मशीनचं दिखाऊ गटासकट काही आलं, तर मीच आधी सांगेन.

तुमची,
छकुली

ता. क. आई, सोमवारी तूही तपासून घे. टीव्हीचा आवाज घरात कोण वाढवतं ते मला माहीत आहे.