करोना टळला, पण पाय गेले

महोदय,

२०२० साली माझी आई ७६ वर्षांची होती. लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन जिने उतरून नाक्यावरून दूध आणि देवाची फुले ती रोज स्वतः आणायची. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि आम्ही तिला उंबरठा ओलांडू दिला नाही. जूनमध्ये ‘पुनश्च हरिओम’ म्हणत सरकारने मोकळ्या जागेत फिरायला परवानगी दिली. पण ६५ वर्षांवरील लोकांनी घरीच थांबावे, ही सूचना कायम राहिली. आम्ही ती काटेकोर पाळली. आईला करोना झाला नाही.

दिवाळीत ती प्रथमच खाली जायला निघाली आणि पहिल्याच जिन्यात कठडा धरून मटकन बसली. मांड्यांत बळच उरले नव्हते. उतारवयात वापर थांबला की स्नायू भराभर झडतात आणि भरून यायला महिने लागतात, कधी येतही नाहीत. हे आम्हाला तेव्हा डॉक्टरांकडून कळले. हात धुवा, मास्क लावा, हे फोन लावला की दरवेळी ऐकू यायचे. ‘आजी-आजोबांना दर तासाला खुर्चीतून दहा वेळा उठबस करायला लावा’ हे मात्र एकदाही कानावर पडले नाही. पडले असते तर आम्ही तेही तितक्याच काटेकोरपणे केले असते.

१ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली. आईला आम्ही दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, उचलून खाली नेले. मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देणे सुरू व्हायला ३० जुलै उजाडला, तोही उच्च न्यायालयात याचिका झाल्यावर.

साथीत सर्वाधिक धोका वृद्धांनाच होता आणि त्यांना जपायलाच हवे होते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढच्या साथीचे नियोजन करताना महापालिकांनी उद्यानांत पहाटेचा एक तास फक्त ज्येष्ठांसाठी राखावा. घरच्या घरी करायचे व्यायाम आरोग्यसेविकांनी दारात येऊन शिकवावेत. आणि जिना उतरू न शकणाऱ्यांची वॉर्डनिहाय यादी आताच करावी. आमच्या एका इमारतीतच आज अशी चार माणसे आहेत.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)