बंड्याच्या गाडीबद्दल, काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुमचं घर आमच्यापासून पाच मिनिटांवर आहे आणि फोन नंबरही माझ्याकडे आहे. तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आपल्या नाशकात आज कुणीतरी म्हाताऱ्या कुत्र्यासाठी हाताने ढकलायची गाडी शोधत बसलं असेल, आणि माझं जे चुकलं ते त्यांचं चुकू नये असं मला मनापासून वाटतं.

कृषीनगर जॉगिंग ट्रॅकच्या बाहेरची ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. बंड्या रस्त्याच्या कडेला बसलेला, शेजारी मी मागवलेली नवी कोरी गाडी आडवी पडलेली. बंड्या अकरा वर्षांचा, 34 किलोचा लॅब्राडोर. कमरेचे मणके झिजलेले. चालता चालता मागचा पंजा उलटा दुमडायचा आणि वरची बाजू डांबरावर घासून नखं रक्ताळायची. गाडीवर ‘35 किलोपर्यंत’ असं लिहिलेलं होतं, तेवढ्यावर विसंबून मी ती घेतली होती. पुढची चाकं मुठीएवढी. पेव्हर ब्लॉकच्या फटीत एक चाक अडकलं आणि गाडी पुढे कलंडली. त्याला लागलं नाही, पण त्यानंतर तो त्या गाडीकडे बघेनासा झाला.

येणारेजाणारे विचारत होते, जात कोणती, वय किती, गाडी कितीला पडली. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, “पोरी, हा झोपतो कसा?”

काका, त्या प्रश्नाबद्दल तुमचे आभार कसे मानू मला कळत नाही. बंड्या कसा झोपतो हे मला पाठ होतं, पण गाडी घेताना ते माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तो डाव्या कुशीवर, मागचे पाय लांब सोडून झोपतो. तुम्ही त्याच दिवशी संध्याकाळी टेप घेऊन घरी आलात, त्याच्याजवळ फरशीवर मांडी घालून बसलात आणि तो झोपेपर्यंत थांबलात. नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत 92 सेंटिमीटर, पाय पसरल्यावर रुंदी 60. मग जाताना आमच्या लिफ्टचं दारही मोजलंत. ते मला कधीच सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तुमची गाडी आली. 2015 मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा नाशकात घराघरांत सायकली आल्या. त्याच उत्साहात तुम्ही नातवासाठी सायकलच्या मागे जोडायचा ट्रेलर घेतलात. नातू मोठा झाला, आणि मग तुमच्या राणी कुत्रीची कंबर गेली तेव्हा आतली कापडी सीट काढून तिथे प्लायवूडची फळी बसवलीत. माझ्या गाडीचा तळ झोळीसारखा खाली जायचा. मणक्याचं दुखणं असलेल्या कुत्र्याला झोळीत सतत तोल सावरावा लागतो, त्यानेच तो थकतो, हे तुम्ही मला बंड्याच्या पाठीवर हात ठेवून दाखवलंत. माझ्या बोटांखाली त्याचे स्नायू थरथरत होते. फळीवर आल्यावर ते थांबले.

बाकीचं तुम्ही कामं करता करता सांगत गेलात. चाक मोठं आणि हवेचं हवं, म्हणजे खड्ड्यावरून जाताना आत बुडत नाही. ट्यूबमध्ये हवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेत, पण थोडी कमीच ठेवायची, धक्के तीच झेलते. तळ जमिनीच्या जवळ असला की गाडी कलंडायची भीती कमी, आणि 34 किलोचं जनावर उचलावंही लागत नाही, छोट्या उतारावरून ते स्वतः चढतं. चढताना ब्रेक लावलेलाच हवा. आतला पट्टा गळ्यातल्या कॉलरला कधीच नाही, छातीवरच्या हार्नेसलाच. सायकलला जोडायचं तर तुम्ही साफ नाही म्हणालात: त्याच्या कमरेला तो वेग झेपणार नाही, हाताने ढकल. वजनाचंही तसंच. कुत्रा, अंथरूण, पाण्याची बाटली सगळं धरून वर दहा किलो मोकळे ठेवायचे.

घाई मात्र तुम्ही करू दिली नाहीत. पहिले चार दिवस गाडी हॉलमध्ये, चाकांना विटा लावलेली, आत भाकरीचा तुकडा. पाचव्या दिवशी बंड्या आपण होऊन आत जाऊन झोपला. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि मला रडू आवरलं नाही.

तुमची आणखी एक गोष्ट मी रोज पाळते. गाडी आली म्हणून चालणं बंद करायचं नाही. आमच्या डॉक्टरांचंही तेच म्हणणं, पाय वापरले नाहीत तर उरलेले स्नायूही जातील. म्हणून गोदापार्कपर्यंत गाडीने, आणि तिथल्या गवतावर तो पायी. पोटाखालून टॉवेल घालून मी मागचा भार धरते. सुरुवातीला वीस पावलं व्हायची, आता साठ होतात. मे महिन्यात सकाळी सातच्या आत घरी. कुत्र्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापा टाकून, म्हणून दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या. परतताना हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघते. तेवढा वेळ टेकवता आली नाही, तर बंड्यालाही पाय टेकवू देत नाही.

फळीवर जाड फोम घातला आहे, वर रेक्झिन, आणि त्यावर आईने शिवलेली गोधडी. दोन गोधड्या आलटून पालटून धुते, कारण आता कधी कधी त्याला लघवी आवरत नाही. कोपरांवरचे घट्टे मऊ पडले आहेत. पुढच्या वेळी याल तेव्हा बघा.

गाडी परत करायची गोष्ट काढली की तुम्ही विषय बदलता, म्हणून पुन्हा काढत नाही. पण जाळी साफ करताना कडेच्या वेल्क्रोत पांढरे केस अडकलेले दिसले. बंड्या काळा आहे. ते राणीचे. मी ते टाकले नाहीत, एका कागदाच्या पुडीत ठेवले आहेत. रविवारी बंड्याला घेऊन येते, तेव्हा पुडी तुमच्या हातात देईन.

आपली नम्र,
बंड्याची आई