पहिल्या लीगविजेत्या संघात गावची पोरे किती होती?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात फुटबॉलविषयी एका वाचकाचे पत्र आले आहे. लीगच्या संघांत ‘आपली पोरे’ दिसत नाहीत, बाहेरून आणलेल्यांचाच भरणा असतो, अशी त्यांची तक्रार आहे. तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मात्र पुढे ते लिहितात की विलायतेत सुरुवातीला गावची पोरे गावासाठी खेळत, पैशाचा बाजार नंतर आला. हे काही पटले नाही. जगातल्या पहिल्या फुटबॉल लीगच्या पहिल्या विजेत्यांची यादी नुसती वाचली तरी चित्र वेगळे दिसते.

ही लीग इंग्लंडमध्ये 1888 साली सुरू झाली, तेव्हा तिच्यात बारा क्लब होते. पहिला हंगाम जिंकला उत्तर इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यातल्या प्रेस्टन गावच्या प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबने, आणि तोही कसा! 22 सामन्यांत 18 विजय, 4 बरोबरी, हार एकही नाही. केलेले गोल 74, खाल्लेले 15. दुसऱ्या क्रमांकावरचा ॲस्टन व्हिला 11 गुणांनी मागे. त्याच हंगामात त्यांनी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा बाद पद्धतीचा एफए चषकही उचलला, आणि त्या स्पर्धेत तर एकही गोल स्वीकारला नाही. 30 मार्च 1889 रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर अंतिम सामन्यात वुल्व्हरहॅम्प्टनच्या वुल्व्ह्ज संघाला त्यांनी 3-0 असे हरवले.

त्या दिवशी मैदानात उतरलेले अकरा जण असे: गोलरक्षक डॉ. रॉबर्ट मिल्स-रॉबर्ट्स, मागे बॉब हॉवर्थ आणि बॉब होम्स, मधल्या फळीत जॉर्ज ड्रमंड, डेव्ही रसेल, जॉनी ग्रॅहम, आणि पुढे जॅक गॉर्डन, जिमी रॉस, जॉन गुडॉल, फ्रेड ड्यूहर्स्ट, सॅम थॉमसन. यांतले प्रेस्टनचे किती? हॉवर्थ, होम्स आणि ड्यूहर्स्ट. बस्स, तीन. ड्रमंड, रसेल, ग्रॅहम, गॉर्डन, रॉस, थॉमसन हे सहाही स्कॉटलंडचे. मिल्स-रॉबर्ट्स वेल्सचा. लीगचे बहुतेक सामने ज्याने गोलमध्ये उभे राहून काढले तो जिमी ट्रेनर, तोही वेल्सचाच.

उरला गुडॉल, त्या संघाचा हुकमी गोल करणारा गडी. त्याचे गाव कोणते म्हणायचे ते तक्रारदार वाचकांनीच ठरवावे. आईबाप स्कॉटिश, बाप फौजेत, म्हणून जॉनचा जन्म लंडनला झाला. वाढला स्कॉटलंडमधल्या किल्मारनॉकला, फुटबॉल शिकला तिथेच. पण जन्माच्या नियमाने खेळला इंग्लंडकडून, आणि त्यांचा कर्णधारही झाला. धाकटा भाऊ आर्ची बेलफास्टला जन्मला, म्हणून तो आयर्लंडकडून खेळला. एका घरातले दोन सख्खे भाऊ दोन देशांचे, आणि दोघांची बोली मात्र तिसऱ्याच देशाची!

ही मंडळी प्रेस्टनला हवापालटासाठी आली नव्हती. क्लबचा कर्ताधर्ता विल्यम सुडेल हा कापडगिरणीचा व्यवस्थापक. स्कॉटलंडमधला चांगला खेळाडू हेरायचा, गावात नोकरी लावून द्यायची, वर पैसेही द्यायचे, हा त्याचा खाक्या. त्या वेळी खेळासाठी पैसे घेणे नियमाबाहेर होते. जानेवारी 1884 मध्ये लंडनच्या अप्टन पार्क संघाने चषकाच्या सामन्यानंतर तक्रार केली, तेव्हा सुडेलने कानावर हात ठेवले नाहीत. हो, देतो, आणि सगळेच देतात, असे त्याने सरळ सांगून टाकले. प्रेस्टन स्पर्धेतून बाद झाले, पण झाकली मूठ उघडली ती उघडलीच. पुढच्याच वर्षी, जुलै 1885 मध्ये, असोसिएशनला व्यावसायिक खेळाडूंना मान्यता द्यावी लागली.

मान्यता देतानाही एक मेख मारून ठेवली होती. चषकात खेळायचे तर व्यावसायिक खेळाडू मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला हवा, नाहीतर तिथे दोन वर्षे राहिलेला तरी हवा. हाच नियम आपल्या कूपरेजच्या फुटबॉल मैदानाला लावून पाहा. सहा मैल दादरच्या अलीकडेच संपतात. म्हणजे कांदिवलीचा, कळव्याचा, डोंबिवलीचा पोरगा परका!

आणि गिरणी नोकरी देणार, पोरगा मैदान गाजवणार, ही गोष्ट आम्हा गिरणगावकरांना कुणी इंग्लंडहून सांगायला नको. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्र, रेल्वे यांच्या संघांत गोव्याचे, केरळचे, बंगालचे खेळाडू आपणच डोक्यावर घेतले. ‘बाहेरचा’ म्हणून तेव्हा कुणी नाक मुरडल्याचे मला तरी आठवत नाही. गोल झाला की गोल झाला.

स्कॉट खेळाडूंनी प्रेस्टनला दिले ते केवळ गोल नव्हते. तोवर इंग्लंडमध्ये चेंडू मिळाला की मान खाली घालून एकट्यानेच पळत सुटण्याची रीत जोरात होती. एकमेकांना पास देत पुढे सरकायचे हा स्कॉटलंडचा खेळ. तोच या मंडळींबरोबर लँकेशायरला आला. हॉवर्थ-होम्ससारखी गावची पोरे त्यांच्याच सोबतीने इंग्लंडच्या संघापर्यंत पोहोचली. ड्यूहर्स्ट तर पेशाने शिक्षक, हौशी खेळाडू. तो पगारी स्कॉटांच्या खांद्याला खांदा लावून खेळला आणि अंतिम सामन्यातला पहिला गोलही त्यानेच केला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीच इतिहास गोड करून सांगतो असे व्हायचे. पैशाने आलेला पैशानेच जातो. संघाचा मोठा आधार असलेला निक रॉस, जिमीचा थोरला भाऊ, नेमका त्या सोनेरी हंगामात एव्हर्टन क्लबला गेला आणि दोन्ही विजेतेपदांना मुकला. पुढच्या वर्षी तो परतला, पण 1894 मध्ये ऐन तिशीत क्षयाने वारला. गुडॉल 1889 मध्येच डर्बीच्या क्लबला गेला. आणि सुडेल? गिरणीच्या पैशांची अफरातफर केल्याबद्दल त्याला 1895 मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. प्रेस्टनने 1890 मध्ये पुन्हा लीग जिंकली. त्यानंतर आजतागायत नाही.

तेव्हा तक्रार करायचीच तर क्लबच्या हिशेबाच्या वह्यांवर करा, पोरांना सराव करायला मैदान उरले नाही त्यावर करा. परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, त्यांच्या सावलीत चेंडू टाकायला जागा कुठे आहे? आमच्या वस्तीतली चार पोरे वरच्या संघात जायची तर त्यांना आधी मैदान लागेल, आणि शिकवायला कुणी जाणता लागेल. तो कोल्हापूरचा असो, मडगावचा असो की मणिपूरचा, आमची ना नाही.

एक विनंती. क्रीडा पानावर संघांच्या याद्या छापता, त्यात खेळाडूच्या नावापुढे त्याचे गाव आणि तो ज्या मैदानावर घडला त्याचे नाव छापता येईल का? निदान मुंबईच्या स्थानिक लीगपुरते तरी करून पाहावे. जागा कमी पडत असेल तर आठवडाभर परदेशी खेळाडूंच्या बदलीच्या अफवा नाही छापल्या तरी चालेल.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई